खुर्चीवर राहिलेला पासपोर्ट

विमान अडीच तास उशिरा सुटणार हे कळलं, तेव्हा आमच्या गटातले बहुतेक जण दुकानं बघायला पांगले. मी खुर्ची सोडली नाही. समोरच्या रांगेत, चार खुर्च्या सोडून, तो बसला होता. मी उठलो असतो तर मी त्याला टाळतो असं त्याला वाटलं असतं. तोही उठत नव्हता, बहुधा त्याच कारणाने.

तो म्हणजे माझा बांधशेजारी. तापीकाठी, शहादा तालुक्यात आमचं गाव. त्याचं शेत नदीकडे, माझं त्याच्या मागे. नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो, आणि आता आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर चाललो होतो तेही एकाच यादीतून. शेतकऱ्यांचा अभ्यास दौरा होता, आठ दिवस, व्हिएतनामला. तिथल्या फळबागा दाखवणार होते. यादीत त्याचं नाव वाचलं तेव्हा मी घरी येऊन सांगितलं, मी काही जात नाही.

बायको म्हणाली, "तो जाई आनि तुम्ही घर बठशात का?"

म्हणून मी गेलो. व्हिएतनाम बघायला कमी, तो एकटा बघून येऊ नये म्हणून जास्त.

भांडण पाण्याचं होतं. नदीवरून मी पाइपलाइन आणली होती. ती त्याच्या शेतातून, जमिनीखालून जाते. त्याच्या वडिलांनी परवानगी दिलेली होती. वडील गेल्यावर त्याने शेतात जेसीबी घातला आणि माझा पाइप तीन ठिकाणी फुटला. मे महिना होता, माझी केळी नुकती निसवायला लागली होती, घड बाहेर येत होते. मी धावत गेलो. तो जेसीबीच्या सावलीत उभा होता. म्हणाला, "जमीनमा काय गाडेल शे, माले काय माहीत?" ती लाइन टाकताना हा स्वतः चारी खणायला होता! वर दुरुस्तीला माणसं घेऊन गेलो तर त्याने शेतात पाऊल टाकू दिलं नाही. आठ दिवस. घड पोसलेच नाहीत, फण्यांतली केळी बोटाएवढी राहिली. मी पोलिसांत गेलो, त्यानेही माझ्याविरुद्ध अर्ज दिला की मी त्याच्या आईवरून बोललो. बोललो होतो. गावाने बैठक घेतली, सगळ्यांनी त्याला सांगितलं की चूक झाली म्हण आणि मिटव. तो म्हणाला, मी पाहिलं नव्हतं, चूक कसली. आणि उठून गेला. त्या दिवसापासून गावात कुणालाही विचारा, माझी बाजू खरी होती. मला ते आवडायचं. लग्नात, दहाव्याला, दूध डेअरीवर माझी बाजू खरी होती.

नंदुरबारहून मुंबईला येताना रेल्वेच्या एकाच डब्यात आम्ही चौदा जण होतो. सगळ्यांना दौरा नेणाऱ्या कंपनीकडून पिवळ्या टोप्या आणि तशाच पिवळ्या पिशव्या मिळालेल्या. धडगावकडची एक बाई होती, चाळिशीची, आंबा आणि सीताफळवाली. घरी पावरी बोलणारी, आमच्याशी मात्र शाळेतलं नीट मराठी बोलायची. तिने पासपोर्टची कथा सांगितली. तिच्या दोन कागदांवर आडनाव वेगवेगळं लिहिलेलं, त्यामुळे तिला डोंगर उतरून चार वेळा नंदुरबारला यावं लागलं. एकदा तर साहेब जेवायला गेला तो आलाच नाही. ती हे सांगत असताना माझा बांधशेजारी हसला. मला वाटलं, हसायचं काय त्यात? पण त्याच्या हसण्याबद्दल, खोकण्याबद्दल, पिवळी टोपी घालण्याबद्दल मला नऊ वर्षं असंच वाटत आलेलं होतं.

तर विमान उशिरा होतं. आमच्याबरोबर कंपनीचा एक गाईड होता, पंचविशीतला, सारखा मोबाइलवर. तो आला आणि म्हणाला, विम्याच्या यादीत नंबर चुकलेत, सगळ्यांनी पासपोर्ट काढून या फॉर्मवर नंबर परत लिहून द्या. मी लिहून दिला आणि पासपोर्ट आतल्या खिशात ठेवून वरून चाचपला. समोरच्या रांगेत माझ्या बांधशेजाऱ्याने चष्मा लावला, एकेक आकडा ओठ हलवत उतरवला, पासपोर्ट शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि फॉर्मवर सही केली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. घरून असावा. "हां, बठेल शे, आजून टाइम शे," असं मोठ्याने बोलत तो उठला, पिशवी खांद्याला लावली, फॉर्म गाईडच्या हातात दिला आणि बोलत बोलत काचेकडे गेला. तिथून पुढे, विमानं बघत बघत, दिसेनासा झाला.

पासपोर्ट खुर्चीवरच राहिला.

मला लगेच दिसला. निळा, नवा कोरा, खुर्चीच्या कडेला. मी काही ठरवलं होतं असं नाही, हे मी आजही सांगेन. पहिल्यांदा एवढंच वाटलं, बघू याला कधी आठवतं ते. मग पाच मिनिटं गेली. मग मला बरं वाटायला लागलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं ते तसंच होतं. अंगात ऊब यावी तसं बरं वाटत होतं. केळीच्या त्या आठ दिवसांत मी रोज बांधावर जाऊन उभा राहायचो, पानं कडेने करपत आलेली, आणि पलीकडे हा आपल्या पपईला पाणी देत असायचा. माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. आता मी बघत होतो आणि त्याला ठाऊक नव्हतं.

हात लांब केला असता तर पुरला नसता, पण चार पावलं टाकली असती तर झालं असतं. गाईडला हाक मारली असती तरी झालं असतं. मी पाण्याची बाटली उघडली, घोट घेतला, झाकण लावलं.

तेवढ्यात झाडूवाली बाई आली. निळा एप्रन, ढकलगाडीला फडकी बांधलेली, पन्नाशीच्या आसपास. खुर्च्या पुसत पुसत ती त्या खुर्चीपाशी थांबली. पासपोर्ट उचलला आणि इकडेतिकडे पाहिलं. त्या दोन रांगांत मी एकटाच जागा माणूस होतो, बाकी दोघं मान टाकून झोपलेले.

"काका, हा तुमचा का?"

मी मान हलवली. नाही.

"मग कोणाचा? इथं कोण बसलं होतं?"

"काय माहीत," मी म्हणालो.

तिने पासपोर्ट एप्रनला पुसला आणि तो हातात धरून, गाडी तिथेच सोडून, लांब काउंटरच्या दिशेने गेली. थोड्या वेळाने परत आली, खुर्च्या पुसून पुढे निघून गेली. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. मी मोबाइल काढला होता.

माझी कल्पना अशी होती की आता माइकवर त्याचं नाव पुकारतील, तो धावत जाईल, सगळ्यांसमोर थोडी फजिती होईल आणि संपेल. इथे नावं पुकारत नाहीत, ज्याचं हरवलं त्यानेच जाऊन विचारायचं असतं, हे मला नंतर कळलं. तो परत आला, दुसऱ्याच रांगेत बसला, हातात कागदी कपातला चहा. अर्धा तास तो तिथे बसला होता. त्या अर्ध्या तासात मला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं.

मग दारापाशी रांग लागली. गाईड ओरडला, पासपोर्ट आणि बोर्डिंग पास हातात ठेवा. बांधशेजाऱ्याचा पास सदऱ्याच्या खिशात होता. तो काढून त्याने दुसरा हात आतल्या खिशात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग पँटच्या. मी पुढच्या बाजूला उभा होतो, पण मान वळवून बघत होतो. त्याचा चेहरा बदलताना मला बघायचा होता.

बदलला. इतका बदलेल असं मला वाटलं नव्हतं.

त्याने पिवळी पिशवी खाली फरशीवर ओतली. दसम्यांचं पुडकं, तिळाची चटणी, साखरेच्या गोळ्या, टाचण्या न काढलेले दोन सदरे, पायमोज्यांचे तीन नवे जोड. तसेच पायमोजे मी घेतले होते, शहाद्याच्या त्याच दुकानातून, कारण कुणीतरी सांगितलं होतं की विमानात थंडी असते. गुडघ्यावर बसून तो ते सगळं उलटंपालटं करत होता आणि रांगेतले परके लोक त्याच्या बाजूने पाय उचलून पुढे जात होते.

गाईड धावत आला. "काका, असं कसं हो? सतरा वेळा सांगितलं सांभाळा म्हणून. तुमच्यासाठी विमान थांबणार आहे का? तुम्हाला इथंच ठेवून जावं लागेल, सांगून ठेवतो."

"आते व्हता ना भो, आते व्हता, नंबर लिखा ना मी," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. पासष्ट एकराचा धनी, जेसीबीच्या सावलीत उभा राहणारा माणूस, एका पोराकडे हात जोडून बघत होता. मग त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. तो उठला. सरळ माझ्याकडे आला.

"तू तठेच बठेल व्हता," तो म्हणाला. "मन्हा पासपोर्ट दखा का तू?"

नऊ वर्षांतलं त्याचं मला पहिलं वाक्य. मी त्याची वाट पाहिली होती. आजवर मनात कितीतरी वेळा मी त्याला माझ्याकडे काही मागायला लावलं होतं आणि काय काय सुनावलं होतं.

"नही," मी म्हणालो.

तो मागे फिरला. खुर्च्यांच्या खाली वाकून वाकून बघू लागला.

माझ्या मागे ती धडगावची बाई उभी होती. ती हळू आवाजात बोलली, पण शब्द एकेक तोडून.

"तुम्ही खोटं बोलले. मी समोर भिंतीशी बसली होती. ती बाई तुम्हाला विचारत होती, मी पाहिलं."

मी हातातला बोर्डिंग पास उलटा करून बघू लागलो.

"तुमचं भांडण तुमच्या गावात ठेवा. मला ह्या कागदासाठी चार वेळा डोंगर उतरावा लागला. तुम्हाला त्याची किंमत नाही." "तुम्ही जाऊन सांगता का मी सांगू?"

"सांगतो," मी म्हणालो. आणि इथे मी जे केलं ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. मी गाईडकडे जाऊन म्हणालो, "ती झाडूवाली बाई इथून काहीतरी उचलून नेत होती. तिला विचारा."

एवढंच. मला विचारलं होतं हे नाही, ती काउंटरकडे गेली हे नाही. काहीतरी उचलून नेत होती.

गाईडने तेवढंच ऐकलं. एका सुरक्षारक्षकाला घेऊन तो गेला आणि दोन मिनिटांत तिला घेऊन आला. तिच्या दंडाला कुणी धरलं नव्हतं, पण ते दोघं तिच्या दोन्ही बाजूंना चालत होते, आणि गाईडचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. "काय उचललं बोल. पासपोर्ट आहे का? कुठं ठेवलास?" रांगेतले सगळे बघत होते. तिचा चेहरा लाल झाला होता.

"ओ, आवाज खाली," ती म्हणाली. "मी चौदा वर्षं इथं काम करते. सोन्याची चेन सापडलेली मी जमा केलीय. पासपोर्ट तिकडे काउंटरवर दिलाय, लिहून दिलाय, जाऊन बघा." गाईड तसाच काउंटरकडे पळाला. आणि तिला मी दिसलो.

"ह्या काकांना विचारा ना!" ती म्हणाली. "मी आधी ह्यांनाच विचारलं. हा तुमचा का? नाही म्हणाले. मग इथं कोण बसलं होतं विचारलं, तर म्हणाले काय माहीत. तुमच्याच टोपीचे आहेत ना सगळे? आपल्या माणसाचं आपल्याला माहीत नाही?"

आमच्या गटातले बारा जण माझ्याकडे बघत होते. तो अजून खुर्च्यांच्या मध्ये होता, एका हाताने खुर्चीची पाठ धरून. त्याने ऐकलं होतं.

मला वाटलं तो मारायला येईल. आला असता तर बरं झालं असतं, मीही हात उचलला असता आणि ते नेहमीचं भांडण झालं असतं. तो आला नाही. खाली बसला आणि पसरलेलं सामान पिशवीत भरू लागला. दसम्या, सदरे, पायमोजे. धडगावच्या बाईने त्याला मदत केली. गाईड धावत पासपोर्ट घेऊन आला, मला म्हणाला, "काका, कमाल केलीत," आणि सगळ्यांना पुढे ढकलू लागला. झाडूवाली बाई केव्हा निघून गेली ते मी पाहिलं नाही. तिला मी काही बोललो नाही. तोंड उघडायला वेळ नव्हता असं मी कितीदा स्वतःला सांगितलं आहे. वेळ होता.

दारातून विमानापर्यंत एक लांब बोळ होता, पत्र्याचा, आत गरम होत होतं. रांग थांबत थांबत चालली होती आणि कुणाच्या तरी ढकलण्याने तो माझ्या शेजारी आला. समोर बघतच बोलला.

"पाइप मी दखीसनच फोडा व्हता," तो म्हणाला. "आते फिटनं."

आणि पुढे सरकला.

पाहून, मुद्दाम फोडला होता, हे नऊ वर्षं मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी मी गावाच्या बैठकीत ओरडलो होतो, पोलीस ठाण्याच्या बाकावर दोन दिवस बसलो होतो. आता त्याने ते आपणहून सांगितलं होतं, एखादं ओझं उतरवून माझ्या पायाशी टाकावं तसं. विमान केव्हा जमिनीवरून उठलं तेही मला आठवत नाही. माझी जागा खिडकीशी होती. पहिल्यांदा विमानात बसलेला माणूस खिडकीतून काय बघतो, हे मला आजही सांगता येणार नाही.

व्हिएतनामचे आठ दिवस पार पडले. बागा चांगल्या होत्या. सिमेंटच्या खांबांवर चढवलेलं ड्रॅगन फ्रूट मैलन् मैल बघितलं. जेवायला बसलो की माझ्या बाजूची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहायची, मग कुणीतरी नाइलाजाने बसायचं. मला कुणी टाकून बोललं नाही. धडगावची बाई तर माझ्याशी पूर्वीइतकंच, म्हणजे कामापुरतं बोलायची. परतीला नंदुरबार स्टेशनवर उतरल्यावर मी तिला चहा विचारला. ती म्हणाली, "नको. मला जीप मिळणार नाही," आणि पिशवी डोक्यावर घेऊन गेली. जीपवाले तिथेच उभे होते, माणसं गोळा करत. निघायला त्यांना तास लागला असता.

गावात माझ्या आधी बातमी पोहोचली होती. त्याने सांगितली का दुसऱ्या कुणी, ते मी विचारलं नाही. डेअरीवर गेलो तर बोलणं थांबलं. एका म्हाताऱ्याने, जो त्या बैठकीत माझ्या बाजूने सगळ्यात जास्त भांडला होता, मला विचारलं, "खरं शे का रे?" मी हो म्हणालो. त्याने मान फिरवली. पाइप शेजाऱ्याने मुद्दाम फोडला होता, हे त्याने मला कबूल केलं, असं मी दोघा-तिघांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, ते तर आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. म्हणजे त्याची चूक होती तेवढीच राहिली, पण माझी बाजू आता कुणाकडे नव्हती.

बायकोने मात्र दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "त्या झाडूवाली बाईले तुम्ही काय सांगं मंग?"

"काहीच नही," मी म्हणालो.

तिने भाकरी ताटात ठेवली आणि आत निघून गेली. पासपोर्टबद्दल, त्याच्याबद्दल ती आजवर एक शब्द बोललेली नाही.

पुढच्या वर्षी त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. आमच्या घरी पत्रिका आली, मधल्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा. ती देऊन गेली त्याची बायको, आणि वर नाव फक्त माझ्या बायकोचं होतं. माझी बायको नवीन लुगडं नेसून गेली, जेवली, संध्याकाळी परत आली. कसं झालं लग्न, मी विचारलं. "चांगलं झालं," ती म्हणाली. मी त्या दिवशी मळ्यातच होतो. दुपारभर पलीकडून बँडचा आवाज येत होता आणि मी केळीची वाळकी पानं कापत होतो.